कारवारच्या अळ्यांचे रंग

उत्तर कानडा जिल्हा १८६२ साली मद्रासकडून काढून मुंबई इलाख्यास जोडण्यात आला, आणि त्या शतकाच्या अखेरीस कारवार या त्याच्या मुख्य ठाण्यास, बंदर व इमारती लाकूड यांच्या लौकिकाहून सर्वस्वी निराळी अशी एक कीर्ती लाभली, जी माझ्या मते त्या लौकिकापेक्षाही अधिक टिकाऊ ठरली आहे. ती मिळवून देणारे तीन अंमलदार तीन निरनिराळ्या खात्यांतले होते. जेम्स डेव्हिडसन हे जिल्ह्याचे कलेक्टर, एडवर्ड हॅमिल्टन एट्कन हे जकात व मीठ खात्यातले, आणि टॉमस रीड बेल हे जंगल खात्यातले. यांपैकी एट्कन हे जन्माने सातारचे. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्यांनी काही वर्षे लॅटिन शिकविले होते, आणि १८८३ साली मुंबईत बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन करणाऱ्या आठ गृहस्थांत त्यांची गणना होते. दप्तराच्या कामात या तिघांचा एकमेकांशी फारसा संबंध येण्याचे कारण नव्हते. त्यांना एकत्र आणले ते फुलपाखरांच्या अळ्या शोधून घरी पाळण्याच्या नादाने.

हा नाद त्या काळी किती आवश्यक होता, हे ध्यानात येण्यासाठी संग्रहालयाच्या पद्धतीची मर्यादा समजून घ्यावी लागते. फुलपाखरू मेले तरी त्याच्या पंखांवरील रंग खवल्यांत टिकून राहतो, आणि टाचणीने पेटीत खोचलेला नमुना नीट जपल्यास शंभर वर्षांनीही ओळखू येतो. अळीचे तसे नाही. ती वाळविली तर आक्रसते, मद्यार्कात ठेविली तर तिची हिरवी कांती लवकरच फिकट होऊन जाते. म्हणून तिच्या रंगाचा पुरावा ती जिवंत आहे तोवरच उपलब्ध असतो, आणि तो मिळविण्यास तिला अंड्यापासून पंखांपर्यंत डोळ्यांसमोर वाढविण्यावाचून दुसरा उपाय उरत नाही. लंडनच्या कपाटांत हिंदुस्थानची फुलपाखरे हजारांनी जमा होत होती, परंतु त्यांतील अनेकांचे बालपण कसे असते हे कोणासच ठाऊक नव्हते.

कढीलिंबाच्या किंवा लिंबाच्या झाडावर सर्रास आढळणाऱ्या लिंबाळी फुलपाखराचेच उदाहरण घ्यावे. त्याची लहान अळी पानाच्या पृष्ठभागावर उघड्यावर बसलेली असते, तरी पाहणाऱ्याची नजर तिच्यावरून निसटते; कारण काळपट तपकिरी, ओलसर चकाकणारी आणि मध्ये पांढरट डाग असलेली ती अळी पाखराच्या ताज्या विष्ठेहून वेगळी भासत नाही. चार अवस्थांपर्यंत हे सोंग चालते. मग चौथ्यांदा कात टाकून ती बाहेर येते ती संपूर्ण हिरवी, छातीच्या भागावर डोळ्यांसारखे ठिपके आणि बाजूंवर तिरके तपकिरी पट्टे मिरविणारी. बोटाने डिवचल्याबरोबर डोक्यामागून नारिंगी रंगाचे, दुभंगलेले मांसल शिंग बाहेर पडते आणि उग्र वास पसरतो. या दोन रूपांना एकाच जातीच्या खाती जमा करण्याचा अधिकार, ज्याने आपल्या पेटीत ते स्थित्यंतर घडताना पाहिले, त्यासच पोहोचतो.

पालनाची रीत दिसण्यास साधी असली तरी तिला रोजची निष्ठा लागते. डहाळी पाण्याच्या बाटलीत उभी करून बाटलीचे तोंड कापसाने बंद करावे लागते, नाहीतर अळी देठावरून खाली उतरून बुडते. पाने कोमेजण्यापूर्वी बदलावी लागतात. विष्ठा रोज झाडावी लागते, आणि कोकणपट्टीच्या पावसाळ्यात ती राहिली तर बुरशी धरून सर्व पेटीच रोगट होते. शिवाय रानातून आणलेल्या अळीच्या अंगात कधी कधी एखाद्या गांधीलमाशीने आधीच अंडी घातलेली असतात, आणि मग अनेक दिवसांच्या शुश्रूषेनंतर कोशातून फुलपाखराऐवजी बारीक माश्यांचा थवा बाहेर पडतो. ज्या अधिकाऱ्यांना वर्षातले कित्येक महिने फिरतीवर काढावे लागत, त्यांनी हे व्रत सांभाळले याबद्दल मला त्यांच्याविषयी मनःपूर्वक आदर वाटतो.

डेव्हिडसन व एट्कन यांनी १८९० साली सोसायटीच्या नियतकालिकात इलाख्यातील फुलपाखरांच्या अळ्या व कोश यांवर टिपणे प्रसिद्ध केली. पुढे बेल येऊन मिळाल्यावर १८९६ पासून तिघांच्या नावाने उत्तर कानड्यातील फुलपाखरांचे विस्तृत वर्णन छापले गेले. बेल यांनी १९०९ साली सुरू केलेली मैदानी मुलखांतील सामान्य फुलपाखरांवरची लेखमाला तर १९२७ पर्यंत चालली. अळीच्या प्रत्येक भागाचा रंग, कोशाचा उतार, कोणत्या झाडावर कोणती जात, याचा असा तपशीलवार दाखला हिंदुस्थानात त्यापूर्वी कोणी नोंदविलेला नव्हता.

याच्या थोडे आधीपासून इतरत्रही पेट्यांतून मोठे प्रश्न उद्भवत होते. एकाच मादीच्या अंड्यांतून वाढलेल्या लिंबाळीच्या अळ्यांपैकी एखादी हिरव्या काडीवर हिरवा कोश करते आणि दुसरी सुक्या लाकडावर मातकट तपकिरी, हे कोणाही पाळणाऱ्यास दिसते. पण कशामुळे, हे सांगणे सोपे नव्हते. दक्षिण आफ्रिकेत राहणाऱ्या मेरी एलिझाबेथ बार्बर यांनी याच कुळातील एका फुलपाखराच्या कोशांवर केलेली निरीक्षणे डार्विन यांनी लंडनच्या कीटकशास्त्रीय संस्थेकडे धाडली व ती १८७४ साली प्रसिद्ध झाली. बार्बर यांच्या पेटीत विटेच्या व लाकडाच्या सांध्यावर बसलेला एक कोश दोन बाजूंना दोन रंगांचा झाला, असा त्यांचा दावा होता, आणि त्यामुळे कोश छायाचित्राच्या काचेप्रमाणे भोवतालचा रंग टिपून घेतो अशी समजूत दृढ झाली. एडवर्ड पोल्टन यांनी १८८७ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांनी ती समजूत मोडली: तयार झालेला कोश काहीच टिपत नाही, अन्न सोडून निश्चल बसलेली अळी भोवतालची जाणीव घेते, आणि निर्णय तेव्हाच होतो. पुढे १९७८ साली लिंबाळीसह तीन जातींवर झालेल्या प्रयोगांत आधाराचा स्पर्श व जाडी यांचाही त्यात वाटा असल्याचे दिसून आले.

विष्ठेसारखी अळी हिरवी होते यामागील कारण मात्र २००८ साली उलगडले. टोकियो विद्यापीठातील फुताहाशी व फुजिवारा यांनी, आपल्या लिंबाळीच्याच एका जपानी भाऊबंदात, चौथ्या अवस्थेच्या आरंभी बाल्यसंप्रेरकाचे प्रमाण उतरले की पुढची कात हिरवी येते, आणि ते बाहेरून दिले तर अळी जुन्याच रंगात राहते, हे सिद्ध केले.

बेल सेवानिवृत्तीनंतर स्वदेशी परतले नाहीत. १९४८ साली ते कारवारलाच निवर्तले. त्याआधी, १९३७ साली, मेजर स्कॉट यांच्यासमवेत त्यांनी ब्रिटिश हिंदुस्थानच्या सरकारी प्राणिग्रंथमालेत हॉक पतंगांवरचा खंड लिहिला. त्या मालेचा रिवाज मेलेल्या, पंख पसरलेल्या नमुन्यांचे वर्णन करण्याचा. या खंडात मात्र अळ्यांना मोठी जागा मिळाली आहे, आणि एकाच जातीची अळी कधी हिरवी तर कधी तपकिरी निघते हा मजकूर, पाळून पाहिलेल्या माणसाच्या निश्चिततेने, त्यात जातीमागून जातीखाली नोंदविलेला आहे.