शेवाळ, मोरचूद आणि टीसीएल: हिरव्या पाण्याचा इतिहास

उन्हाळा सुरू झाला की एक प्रश्न हमखास विचारला जातो. "डॉक्टर, हौदाचं पाणी हिरवं झालंय, मोरचूद टाकू का?" माजलगाव तालुक्यातल्या दिंद्रुडसारख्या गावांत पोहण्याचा तलाव असलेलं घर विरळाच. पण प्लास्टिकचा कागद अंथरलेलं शेततळं आणि अंगणातला सिमेंटचा हौद सगळीकडे दिसतो, आणि मे महिन्यात मुलं त्यातच पोहतात. साचलेलं पाणी, ऊन आणि पाण्यात उतरलेलं खत किंवा पालापाचोळा एकत्र आले की शेवाळ धरतंच. मोरचुदाबद्दलचं उत्तर समजण्यासाठी थोडा इतिहास पाहू.

द्राक्षमळ्यातून पाण्यात

मोरचूद म्हणजे कॉपर सल्फेट. फ्रान्समधल्या बोर्दो भागात चोरांनी द्राक्षं तोडू नयेत म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडत. नेमक्या त्याच वेली केवडा रोगातून वाचतात, हे मिलार्दे या शास्त्रज्ञाच्या लक्षात आलं. 1885 साली त्यांनी हे मिश्रण जगापुढे मांडलं. आपण मोसंबी-डाळिंबाला वापरतो ते बोर्डो मिश्रण हेच. पुढे 1904 मध्ये अमेरिकेच्या कृषी खात्यातल्या मूर आणि केलरमन यांनी अगदी थोड्या मोरचुदाने तलावातलं शेवाळ मरतं, असं दाखवलं. तेव्हापासून ही पद्धत जगभर पसरली.

क्लोरीनची एन्ट्री

टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, मात्र शेवाळासाठी नव्हे, तर रोगजंतूंसाठी आली. 1897 मध्ये इंग्लंडमधल्या मेडस्टोन गावात विषमज्वराची साथ आली, तेव्हा नळाच्या पाइपांचं निर्जंतुकीकरण ब्लीचिंग पावडरने केलं गेलं. 1908 मध्ये डॉ. जॉन लील यांनी अमेरिकेतल्या जर्सी सिटीच्या पाणीपुरवठ्यात क्लोरीन नियमित वापरायला सुरुवात केली. त्यानंतर लवकरच ते पोहण्याच्या तलावांतही आलं. त्याने जंतू मरतात आणि शेवाळही धरत नाही.

पाम आयलंडचा धडा

1979 साली ऑस्ट्रेलियातल्या पाम आयलंडवर पिण्याच्या पाण्याच्या धरणात शेवाळ माजलं, म्हणून मोरचूद टाकण्यात आलं. पुढच्या काही दिवसांत 148 जण आजारी पडले, त्यांत 138 मुलं होती. उलट्या, वाढलेलं यकृत, मूत्रपिंडांना इजा, असं चित्र होतं. सुदैवाने सगळे बरे झाले. पुढे उलगडा झाला तो असा: ते निळं-हिरवं शेवाळ विषारी जातीचं होतं. मोरचुदाने त्याच्या पेशी फुटल्या आणि आतलं विष एकदम पाण्यात उतरलं. म्हणजे पाणी स्वच्छ दिसू लागलं तेव्हाच ते जास्त घातक होतं.

मग आपण काय करायचं?

• पिण्याच्या हौदात मोरचूद टाकू नका. पोटात गेलं तर उलट्या होतात, जास्त गेलं तर मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात.
• छोटा हौद हिरवा झाला तर रिकामा करा, भिंती ब्रशने घासा, धुवा, मग भरा. झाकण ठेवा. ऊन लागलं नाही तर शेवाळ वाढत नाही.
• पोहण्याच्या तलावात पाणी फिल्टरमधून फिरतं ठेवा. मुक्त क्लोरीन लिटरला 1 ते 3 मिलिग्रॅम आणि सामू 7.2 ते 7.8 असावा. सामू वाढला की क्लोरीनचा जोर कमी होतो. उन्हात क्लोरीन उडून जातं, म्हणून मात्रा संध्याकाळी द्या.
• टीसीएल आणि ॲसिड कधीच एकत्र करू नका. विषारी वायू तयार होतो.
• हिरव्या पाण्यात मुलांना उतरू देऊ नका. अंगाला खाज, पुरळ, डोळे लाल होणं किंवा कान दुखणं असेल तर दाखवून घ्या. पाणी पोटात जाऊन उलट्या-जुलाब झाले तर थांबू नका.

शेततळ्याबाबत एक गोष्ट शेवाळाच्या विषाहूनही गंभीर आहे. प्लास्टिकवर शेवाळ धरलं की उतार इतका निसरडा होतो की पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. तळ्याला कुंपण घाला, आणि काठाला पक्का बांधलेला, पाण्यापर्यंत पोचणारा गाठींचा दोर आजच सोडून ठेवा.