मांजर, मासा आणि मेंदूतली सहा ठाणी

मांजर चिडलं की केस फुलवतं, फिस्कारतं, नख्या बाहेर काढतं, हे पोरासोरांनाही ठाऊक आहे. पण हा राग मेंदूत उठतो कुठून? झ्युरिकच्या वॉल्टर हेस यांनी मांजराच्या मेंदूत बारीक तार घातली आणि तळाजवळच्या एका भागात सौम्य वीज सोडली. स्वस्थ बसलेलं मांजर शत्रू समोर असल्यासारखं खवळलं! वीज थांबली, की पुन्हा शांत. १९४९ साली हेस यांना नोबेल पारितोषिक मिळालं.

त्यानंतर रागाची जागा एक, मायेची दुसरी, मीलनाची तिसरी, असं मानण्याकडे कल होता; जणू गावातले बलुतेदारच. १९९९ साली अमेरिकेतल्या सारा न्यूमन यांनी सस्तन प्राण्यांवरचे पुरावे एकत्र करून निराळंच चित्र मांडलं. मेंदूच्या खोल भागात सहा ठाणी आहेत, ती एकमेकांशी जोडलेली आहेत आणि प्रत्येक ठाणं अनेक कामांत भाग घेतं. भजनात टाळ, मृदंग, वीणा तीच. कोणाचा जोर केव्हा किती, त्यावर रंग ठरतो. भांडण, मीलन, ममता यांचंही तसंच. या कल्पनेत मांजर खवळण्याची गंमत नाही खरी, पण मला ती हेस यांच्या तारेइतकीच मोलाची वाटते.

आणि मासा? त्याला आपल्यासारखा घड्यांचा मेंदू नाही, म्हणून तो नुसतं यंत्र, असं म्हणणं सोपं होतं. पण ही ठाणी त्या घड्यांत नाहीतच! २००५ साली जेम्स गुडसन यांनी माशांतही असंच जाळं असल्याचं मांडलं. मासे आणि आपण यांचा समाईक पूर्वज सुमारे ४५ कोटी वर्षांपूर्वीचा. म्हणजे हे जाळं किती जुनं, पाहा.

जखमी माशाच्या कातडीतून पाण्यात एक द्रव्य उतरतं आणि कळप भिऊन पळतो, हे कार्ल फॉन फ्रिश यांनी १९३८ सालीच नोंदवलं होतं. तो वासाचा प्रकार. २०२३ साली पोर्तुगालमधल्या संशोधकांनी आपल्या गंगेच्या खोऱ्यातल्या चिमुकल्या पट्टेरी झेब्रा माशाला घाबरलेले सोबती नुसते काचेपलीकडून दाखवले. तोही जागीच थिजला. बाळंतपणात कळा आणणारं, आईला पान्हा फोडणारं द्रव्य म्हणजे ऑक्सिटोसिन. त्याचंच भावंड माशांत असतं. ज्या माशांना ते बनवताच येत नव्हतं, ते सोबत्यांची भीती पाहूनही बिनघोर पोहत राहिले. ऑक्सिटोसिन टोचल्यावर मात्र तेही थिजले.