हस्तसंकेत-नियंत्रण

कळफलक वा माउस यांस स्पर्श न करता, कॅमेऱ्याने टिपलेल्या हाताच्या किंवा हाती धरलेल्या वस्तूच्या हालचालीवरून आज्ञा ओळखून संगणक चालविण्याची पद्धती. मायरन क्रूगर या अमेरिकन संशोधक-कलावंताने 1970 नंतरच्या दशकात ‘व्हिडिओप्लेस’ या प्रयोगात प्रेक्षकाच्या छायाकृतीस पडद्यावरील चित्रांशी खेळण्याची मुभा दिली. ती कल्पना सोनीच्या ‘आयटॉय’ने (2003) व मायक्रोसॉफ्टच्या ‘किनेक्ट’ने (2010) दिवाणखान्यात आणली.

कॅमेरा यंत्रास केवळ रंगबिंदू पुरवितो. हात कोठे संपतो व भिंत कोठे सुरू होते, हे त्यात कोठेच नोंदलेले नसते. आरंभीचे संशोधक त्वचेच्या रंगावर भिस्त ठेवीत, आणि उजेड पालटताच फसत. किनेक्टने अवरक्त किरणांचे अदृश्य ठिपके टाकून प्रत्येक बिंदूचे अंतर मोजले, म्हणून खोलीतील दिव्यावरचे अवलंबन सुटले, तरी उन्हात ते ठिपके लोपत. गूगलच्या ‘मीडियापाइप’ने (2019) साध्या कॅमेऱ्यावरच काम भागविले: बोटांच्या मानाने तळहाताचा आकार स्थिर असल्याने आधी तळहात शोधावयाचा, आणि मग मनगटाचा एक व प्रत्येक बोटाचे चार असे 21 बिंदू निश्चित करावयाचे.

खरी अडचण ओळखण्याची नसून हेतू जाणण्याची आहे. बोलताना सहज हलणारा हात आणि हुकूम देणारा हात यांतील भेद यंत्रास उमगत नाही, म्हणून आरंभाची ठराविक खूण किंवा क्षणभर स्थिर राहण्याची अट अशी काही तजवीज करावी लागते. शिवाय अधांतरी धरलेला हात लवकरच दुखू लागतो. चित्रपटांत हवेत हात फिरविणारे अंमलदार तसेच दिवसभर काम करीत असतील, यावर विश्वास बसत नाही.

भारतात या पद्धतीमागील विद्येचे, म्हणजे संगणकीय दृष्टीचे, एक केंद्र हैदराबादेत गचीबावलीच्या आंतरराष्ट्रीय माहिती तंत्रज्ञान संस्थेत (स्थापना 1998) उभे राहिले. कार्नेगी मेलन विद्यापीठात अनेक कॅमेऱ्यांच्या साहाय्याने प्रसंगाची त्रिमिती पुनर्रचना करण्याच्या प्रकल्पात काम केलेले पी. जे. नारायणन 2000 मध्ये तेथे रुजू झाले, आणि जानेवारी 2006 मध्ये संगणकीय दृष्टीवरील आशियाई परिषद या शहरी भरली. किनेक्टचे उत्पादन मात्र 2017 मध्ये, हैदराबादेतच जन्मलेल्या सत्या नडेलांच्या मायक्रोसॉफ्टच्या प्रमुखपदाच्या कारकिर्दीत थांबले.

कर्णबधिरांच्या संकेतभाषेपाशी वरील 21 बिंदू अपुरे पडतात. नाट्यशास्त्रातील 24 असंयुत (एका हाताच्या) व 13 संयुत (दोन्ही हातांच्या) हस्तमुद्रांची यादी परिमित आहे, स्थिर चित्रावरूनही ती बव्हंशी जुळविता येईल. पण संकेतभाषेत भुवई, चेहरा व हालचालीची दिशा हेही व्याकरणच असते. भारतीय संकेतभाषेचा 2021 चा अधिकृत कोश 10,000 संज्ञांचा आहे. यंत्रशिक्षणासाठी 2020 मध्ये सिद्ध झालेल्या ‘इन्क्लूड’ या चित्रफीत-संग्रहात शब्द होते 263.