जुन्या गाडीत मोबाइलचे सूर

गाडी उत्तम चालते. पण तिचा मूळ स्टिरिओ कॅसेट किंवा सीडीच्या पलीकडे जात नाही, ही अनेकांची अडचण असते. तेवढ्यासाठी स्टिरिओ बदलण्याची घाई करू नये. त्यावर कोणती सोय आहे, हे प्रथम पाहावे.

दर्शनी भागावर 'ऑक्स' असे लिहिलेला ३.५ मिलिमीटरचा जॅक असल्यास काम सोपे आहे. मोबाइल तेथे वायरने जोडता येतो. मोबाइललाच हेडफोनचा जॅक नसेल (आयफोनमधून तो २०१६ मध्ये वगळला गेला), तर 'ऑक्स'ला छोटा ब्लूटूथ रिसीव्हर लावावा. काही स्टिरिओंच्या मागे सीडी चेंजरची जोडणी असते. त्या मॉडेलसाठीचा अ‍ॅडॅप्टर मिळाल्यास तोही उपयोगी पडतो. कॅसेट प्लेअर असल्यास कॅसेटच्याच आकाराचा अ‍ॅडॅप्टर चालतो. त्यातील चुंबकीय हेड प्लेअरच्या हेडपर्यंत संगीत पोहोचवते.

एफएम ट्रान्समीटर हा शेवटचा पर्याय. त्याला ८७.५ ते १०८ मेगाहर्ट्झमधील मोकळी जागा लागते. मुंबईसारख्या शहरात रेडिओ केंद्रांच्या गर्दीमुळे ती सहज सापडत नाही आणि गाण्यात खरखर मिसळते.

मोबाइल चार्जिंगला लावताच इंजिनाच्या वेगाबरोबर चढणारी शिट्टी ऐकू आली, तर दोष बहुधा 'ग्राउंड लूप'चा असतो. 'ऑक्स'च्या वायरमध्ये आयसोलेटर जोडल्यास ती सहसा थांबते. मूळ वायरिंग मात्र कापू नये. आणि गाणे निवडायचे ते गाडी सुरू करण्यापूर्वीच!