बोगदा कोणासाठी? थेम्स ते मलबार हिल

१/ बोगदा म्हटले की कोल्हापूरकराला खंबाटकी आठवते. पुण्याकडे जाताना बोगदा आणि परतताना घाट, ही व्यवस्था आपण कित्येक वर्षे अनुभवली. घाटातला बोगदा डोंगर चुकवतो. शहरातल्या बोगद्याला मात्र माणसांची वस्ती चुकवायची असते. म्हणून त्याचा लाभ मोजताना दोघांचा विचार करावा लागतो : आतून जाणाऱ्या वाहनचालकाचा आणि वर राहणाऱ्या नागरिकाचा. या दोघांच्या हिशेबाचा इतिहास या धाग्यात पाहू.

२/ आरंभ लंडनचा. थेम्सच्या दोन्ही काठांवर गोद्या होत्या. पण जहाजांची वाट अडवणारा पूल तेथे नको होता. १८२५ मध्ये मार्क ब्रुनेल याने नदीखालून बोगदा खणण्यास प्रारंभ केला. माती कोसळू नये म्हणून त्याने लोखंडी ढालीसारखी चौकट वापरली. तिच्या आडोशाने मजूर खणत आणि मागून गवंडी विटांचे बांधकाम करीत. तरीही नदी आत शिरली, माणसे दगावली आणि काम सात वर्षे बंद पडले.

३/ १८४३ मध्ये बोगदा खुला झाला, तो केवळ पादचाऱ्यांसाठी. मालाच्या गाड्या उतरवणारे उताराचे रस्ते बांधण्यास पैसाच उरला नव्हता. पुढे त्यातून रेल्वे धावू लागली. ज्या गाडीवानांसाठी हा खटाटोप झाला, त्यांची गाडी त्यातून कधीच गेली नाही. बोगद्याची उपयुक्तता त्याच्या तोंडाशी ठरते, हा इतिहासाचा पहिला धडा.

४/ मोटारगाडी आली आणि नवा प्रश्न उभा राहिला : धुराचे काय करायचे? न्यूयॉर्क आणि न्यू जर्सी यांना हडसन नदीखालून जोडणाऱ्या हॉलंड बोगद्याने त्याचे उत्तर दिले. मुख्य अभियंता क्लिफर्ड हॉलंड १९२४ मध्ये, काम अपुरे असतानाच वारला. वायुवीजनाची योजना ओले सिंगस्टाड याची होती. रस्त्याखालच्या पोकळीतून ताजी हवा आत सोडायची आणि छतावरच्या पोकळीतून दूषित हवा ओढून घ्यायची. ८४ पंखे सुमारे दीड मिनिटात बोगद्यातली सारी हवा बदलत. १९२७ मध्ये तो वाहतुकीस खुला झाला.

५/ येथवरचा विचार वाहनचालकाचा होता. नागरिकाचा विचार ठळकपणे पुढे आला तो बॉस्टनमध्ये. तेथे १९५० च्या दशकात शहराच्या मध्यातून उन्नत महामार्ग नेला गेला. त्यासाठी हजारो लोकांची घरे गेली आणि नॉर्थ एंडची जुनी वस्ती शहरापासून तुटली. पुढे तोच महामार्ग जमिनीखाली नेण्यात आला आणि वरचा सांगाडा पाडून तेथे उद्यानांचा पट्टा झाला. मात्र खर्च १४ अब्ज डॉलरच्या वर गेला, आणि २००६ मध्ये याच प्रकल्पातील एका बोगद्याच्या छताचा भाग कोसळून एका महिलेचा मृत्यू झाला. बोगदा स्वस्त नसतो आणि त्यात हयगयीला जागा नसते.

६/ आता मुंबई. मलबार हिलने जमिनीखालच्या सोयीचा लाभ एकोणिसाव्या शतकातच पाहिला होता : टेकडीवर पाण्याचा जलाशय झाकून त्यावर हँगिंग गार्डन फुलवले गेले. त्याच टेकडीच्या पोटातून किनारी रस्त्याचे दोन बोगदे गेले आहेत. प्रत्येकाची लांबी सुमारे २ किलोमीटर. ते खणणाऱ्या यंत्राचे नाव ‘मावळा’ आणि त्याचा व्यास १२.१९ मीटर. पुढे ढाल, मागे बांधकाम, हे तत्त्व ब्रुनेलचेच. २०२१ च्या जानेवारीत खोदाई सुरू झाली आणि २०२३ च्या मेमध्ये दुसरा बोगदा पूर्ण झाला. मार्च २०२४ मध्ये दक्षिणेकडे व जूनमध्ये उत्तरेकडे जाणारी वाहतूक सुरू झाली.

७/ वाहनचालकाचा लाभ उघड आहे : सिग्नल नाही, चौक नाही, पावसाचा मारा नाही. थांबत-निघत जाण्यात जळणारे इंधनही वाचते. वरच्या रहिवाशाचा लाभ मात्र डोळ्यांना दिसत नाही, कारण तो न घडलेल्या गोष्टींचा आहे. घर पाडले गेले नाही, झाड तुटले नाही, खिडकीसमोर पूल उभा राहिला नाही.

८/ याच रस्त्याचा दुसरा भाग समुद्रावरून जातो. वरळीच्या कोळी बांधवांना तेथे आपल्या होड्यांच्या वाटेसाठी लढावे लागले. तेव्हा कुठे पुलाच्या खांबांमधील अंतर ६० वरून १२० मीटर झाले. टेकडीखालून जाताना रस्त्याने कोणाची वाट अडवली नाही. पाण्यावर येताच त्याने मासेमारांची वाट अडवली. शिवाय या रस्त्यावर दुचाकीला प्रवेश नाही. म्हणजे बोगदा झाला तरी ‘कोणासाठी?’ हा प्रश्न शिल्लक राहतोच.

९/ मग कोल्हापुरातही बोगदा हवा का? घाईने होकार देऊ नये. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात शिरोलीजवळ महामार्गच पाण्याखाली गेला होता. पंचगंगेच्या पूरपट्ट्यात जमिनीखाली रस्ता नेणे म्हणजे पुराला घरात बोलावणे. पण महाद्वार रोडसारख्या दाट वस्तीत रुंदीकरणाचा विषय निघाला की दुकान, वाडा किंवा झाड यांपैकी कशावर तरी गदा येते. त्या वेळी बोगद्यांच्या इतिहासातली एक रीत अवश्य उचलावी. नव्या रस्त्याने वाचणाऱ्या मिनिटांचा हिशेब मांडताना, त्यासाठी काय पाडावे लागेल याचाही हिशेब त्याच कागदावर मांडावा. बॉस्टनने तो आधी मांडला नाही आणि अर्ध्या शतकानंतर त्याची किंमत मोजली.