खाल्लेला वासा

डोळे उघडा. 1968 चा मे महिना आहे आणि तुम्ही सत्तरी ओलांडलेले आजोबा आहात. अंगात बंडी, कमरेला पंचा; उठताना गुडघा कट्कन वाजतो. घर चिपळूणच्या पूर्वेला, कुंभार्ली घाटाच्या पायथ्याशी. जवळच पोफळीला डोंगराच्या पोटात कोयनेची वीज तयार होते, पण तुमच्या ओटीवर अजून कंदीलच टांगतात. माजघराच्या भिंतीवर तिरपी चीर दिसते ना? गेल्या 11 डिसेंबरच्या पहाटे भूकंपाने पाडलेली. तुम्ही ती लिंपून घेतलीत, तरी नव्या मातीचा रंग उठून दिसतोच. रात्रीच्या एस्टीने मुंबईहून आलेल्या सूनबाईने उंबऱ्यातून आत येताच आधी त्या चिरेवरून हात फिरवला आणि मग वाकून नमस्कार केला.

आज शाकारणी. मृगाच्या आत कौलं चाळून झालीच पाहिजेत. गडी आढ्याशी बसून कौलं काढतोय, मुलगा शिडीवरून ती खाली देतोय आणि नातवंडं रांग लावून खळ्यात रचतायत. धाकटा नातू प्रत्येक कौलाखाली विंचू शोधतो. तुम्हाला कुणी शिडीला हात लावू देत नाही, म्हणून तुम्ही जोत्यावर बसून सूचना करता. कुणी त्या ऐकत नसलं तरी सगळ्यांना त्या हव्या असतात.

मग वरून हाक येते, "आबा, ह्यो वासा गेला बगा!"

वासा खाली येतो. दिसायला धडधाकट. तुम्ही अंगठा टेकवता तर नख सरळ आत शिरतं. वरची साल तेवढी शाबूत, आत नुसते पापुद्रे आणि ओलसर माती. पांढऱ्या अळीसारख्या किड्यांची रांग उजेडाला बुजून आत पळते. थोरली नात, वय दहा, आधी मागे सरते आणि मग नाक लागेल इतकी खाली वाकते. "आबा, हे डोळ्यांनी बघतात?" "वाळवी आंधळी असते गं, तरी वाट चुकत नाही." मागच्या भिंतीवरून त्यांची मातीची नळी परसाकडे उतरलेली तुम्ही तिला दाखवता. तिकडे, फणसापलीकडे, वारूळ आहे.

दुपार आमरसात आणि झोपेत जाते.

रात्री पानं उचलल्यावर परसातून आवाज येतो. खरवडल्यासारखा, थांबून थांबून. कुत्रं भुंकत नाही, नुसतं गुरगुरतं. तुम्ही बॅटरी घेऊन निघता. मागे पोरं, त्यांच्यामागे मुलगा. उजेड फणसाच्या बुंध्यावरून घसरत वारुळावर पडतो आणि तिथे एक शेपूट दिसते: रुंद, जाड, तपकिरी खवल्यांची. डोकं वारुळात. पुढच्या पायांची लांब नखं माती ओढतायत.

प्राणी थबकतो. मग खवले एकमेकांवर घासत जातात, कोरडा खरखर आवाज होतो आणि पाहता पाहता त्याचा चेंडू होतो. डोकं, पोट, पाय सगळं आत. पण चेंडू मिटताना शेपटीच्या मुळाशी फिकट रंगाचं काहीतरी चिकटलेलं होतं, तेही आईच्या पोटाशी गुडूप झालं.

"पिल्लू होतं!" थोरली ओरडते.

गडी कोयता घेऊन आलाय. "खवल्या मांजर आबा! मटान ग्वाड. आन् खवलं मूळव्याधीवर." तुमच्या वडिलांच्या बोटातही खवल्याची अंगठी होती, ते तुम्हाला आठवतं. त्यांची मूळव्याध काही बरी झाली नव्हती, तेही आठवतं.

तुम्हाला ठाऊक नाही ते मला ठाऊक आहे. तो खवला म्हणजे आपल्या नखांचंच द्रव्य, औषध काडीचं नाही. त्या समजुतीपायी हा जीव जगभर पोत्यांनी मारला जाईल. 1972 मध्ये वन्यजीव संरक्षण कायदा होईल. त्याच्या पहिल्या अनुसूचीत वाघाबरोबर खवले मांजराचं नाव असेल. 2016 मध्ये त्याच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर बंदीचा ठराव होईल. आणि 2020 मध्ये तुमच्याच चिपळूण तालुक्यात, डुगवे गावात, लोक खवलोत्सव करतील, त्याची प्रतिकृती पालखीत बसवतील. थोरली तेव्हा साठी ओलांडलेली असेल. तिने तो उत्सव पाहावा असं मला मनापासून वाटतं. पण आज रात्री या परसात कायदा नाही, पालखी नाही. आज फक्त तुमचा शब्द आहे, आणि तो तुम्ही खर्च करावा.

"सकाळी वासा कुणी खाल्ला म्हणालास?"

"वाळवीनं."

"मग वाळवीला खाणाऱ्याला मारतोस?"

गडी विचारात पडतो. त्याच्याही घराला वासे आहेत. कोयता कमरेच्या आकडीत परत जातो.

बॅटरी विझवा, कंदील बारीक करा, पोरांना गप्प बसवा. बराच वेळ काही हलत नाही. मुलगा डास मारत कंटाळतो, थोरली नाही. मग चेंडूला फट पडते. निमुळतं तोंड बाहेर येतं, हवा हुंगतं. या तोंडात दात नाहीत; दोरीसारखी लांब चिकट जीभ आत शिरते आणि वाळवी घेऊन येते. पिल्लू पुन्हा शेपटीवर चढून बसतं. आई नखं आत मुडपून, डुलत डुलत वारुळाला अर्धा वळसा घालते आणि दुसऱ्या बाजूने खणू लागते.

सकाळी नवा वासा चढवायचाय. पोरांना उकरलेली माती दाखवा, नखांचे ओरखडे बोटाने चाचपू द्या. आणि गड्याला बजावून ठेवा, वारूळ पाडू नकोस म्हणावं. पुन्हा कधी फिरकली तर तिला लागेल.