फैजपूर ते अमेठी : दारोदारचा प्रचार आणि त्याची मजुरी

१/ २७ व २८ डिसेंबर १९३६ रोजी पूर्व खानदेशातील (आजचा जळगाव जिल्हा) फैजपूर येथे काँग्रेसचे अधिवेशन भरले. अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. खेड्यात भरलेले हे काँग्रेसचे पहिलेच अधिवेशन. अवघ्या काही आठवड्यांवर प्रांतिक निवडणुका होत्या. गावोगावच्या दारांपर्यंत हा निरोप कोणी नेला आणि त्याचे मोल कोणी दिले?

२/ खिरोद्याचे धनाजी नाना चौधरी या अधिवेशनाच्या उभारणीत अग्रभागी होते. साने गुरुजींनी १९३० मध्ये अमळनेरची शिक्षकाची नोकरी सोडली होती. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात विनोबांची गीतेवरील प्रवचने त्यांनीच लिहून घेतली. तेच गुरुजी अधिवेशनासाठी खानदेशातील खेडोपाडी हिंडले. हा प्रचार बिनपगारी होता.

३/ १९३५ च्या कायद्याने मताचा हक्क जमीन, कर, शिक्षण अशा अटींना बांधला होता. बहुसंख्य शेतमजुरांना मत नव्हते. केवळ मते मोजणाऱ्याला त्यांच्या दारी जाण्याचे कारण नव्हते. अधिवेशनाच्या स्वयंसेवकाला मात्र ते होते. त्याला मत नव्हे, माणूस हवा होता.

४/ तरीही बिनपगारी म्हणजे बिनखर्ची नव्हे. स्वयंसेवक हिंडत असताना त्याच्या घरची चूल दुसरे कोणी पेटती ठेवत असे. ज्याचे पोट रोजच्या मजुरीवर, त्याला महिनाभर फुकट फिरणे परवडत नाही. ‘स्वयंसेवक’ या शब्दामागे नेहमीच कोणाची तरी भाकरी असते.

५/ हा पेच इंग्लंडने आधीच अनुभवला होता. तेथे प्रचाराची मजुरी हे मत विकत घेण्याचे सभ्य रूप ठरू लागले, तेव्हा १८८३ च्या कायद्याने पैसे देऊन दारोदार प्रचारक नेमण्यास बंदी घातली.

६/ स्वतंत्र भारतानेही १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात उमेदवाराने किती पगारी माणसे नेमावीत यावर मर्यादा घातली. तिचा भंग हा भ्रष्ट आचार ठरे. लवकरच उत्तर प्रदेशातील अमेठीचा खटला सर्वोच्च न्यायालयात पोहोचला. राजपुत्र रणंजय सिंह यांच्या प्रचारात त्यांच्या वडिलांच्या इस्टेटीचे व्यवस्थापक, जिलेदार व शिपाई राबले होते. ही माणसे पगारी की स्वयंसेवक?

७/ १९५४ मध्ये न्यायालयाने निकाल दिला : पगार वडील देत होते, उमेदवार नव्हे, म्हणून मर्यादेचा भंग झाला नाही. कायद्याच्या अक्षराला हे धरून होते. परंतु ज्याच्या पदरी नोकरांचा ताफा, त्यालाच ‘स्वयंसेवक’ आयते मिळतात, हेही त्यातून उघड झाले.

८/ १९५६ च्या दुरुस्तीने माणसांच्या संख्येवरील मर्यादा गेली, खर्चावरील राहिली. आज महाराष्ट्रात विधानसभा उमेदवारासाठी ती ४० लाख रुपये आहे. प्रचारकाला रोज देणे गुन्हा नाही. तो हिशेबात दाखवणे मात्र बंधनकारक आहे. मताच्या बदल्यात पैसे देणे ही लाच, आणि ती १९२० पासून दंडनीय आहे. प्रत्यक्षात या दोहोंमधली रेषा अतिशय पुसट असते.

९/ २० नोव्हेंबर २०२४ चे विधानसभेचे मतदान ऐन कापूस वेचणीच्या हंगामात आले. जळगाव-धुळ्याच्या मजुराने अशा दिवसांत प्रचाराला जावे, तर वेचणीचा रोज बुडतो. त्याने मोबदला मागितला म्हणून त्याची निष्ठा उणी ठरत नाही. आणि ज्याला मोबदल्याची गरज नाही, त्याची निष्ठा आपोआप मोठीही ठरत नाही.

१०/ मग फरक कशाने ओळखावा? फैजपूरचा मांडव उतरला, निवडणूक झाली, मुंबई प्रांतात काँग्रेसचे मंत्रिमंडळ आले. १९३८ मध्ये साने गुरुजींनी अमळनेरहून ‘काँग्रेस’ साप्ताहिक काढून त्याच शेतकरी-कामगारांची गाऱ्हाणी मांडली. ज्यांच्या दारी ते गेले होते, त्यांच्याकडे ते परत आले. मजुरी घेतली की नाही, हे हिशेबाच्या वहीत सापडते. मतदानानंतर कोण परतले, हे गाव लक्षात ठेवतो.